नव्वदच्या जागी शून्य

"आजोबा, नव्वद पुसलंत का?" टेबलावरच्या फोनमधून नातीने विचारलं.

"पुसलं," मास्तर म्हणाले. पुसलं नव्हतं. बोट नुसतंच कीबोर्डवर टेकून होतं.

"मग शून्य टाका. शून्याला एवढा वेळ? वर्गात तर भराभर वाटायचात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"आई."

"तुझ्या आईला एकदाच दिला होता. तोही तिने मेहनतीने मिळवलेला."

पलीकडे लेक हसली. मग फोन तिने घेतला असावा, कारण आवाज जवळून आला. "बाबा, टाका हो आता. महिना होऊन गेला. दर रविवारी मान वाकडी करून आमच्याशी बोलता आणि मग आठवडाभर बाम चोळत बसता. कुणासाठी?"

मास्तरांनी पलंगाकडे पाहिलं. चादर ताणून घातलेली होती. उशीला मधोमध खळगा होता, तो मात्र त्यांनी झटकला नव्हता.

पलंगाशेजारच्या कपाटाला तो छोटा पडदा चार स्क्रूंनी पक्का बसवलेला होता. त्याच्या पाठीला पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. मास्तरांची बायको सात महिने एका कुशीवर होती, आणि पडद्यातली लेक-नात तिला आडवी दिसायची. "सगळी भिंतीवरून चालतात," ती म्हणायची, "आणि पडत कशी नाहीत?" मग नातीने सांगितलं तसं मास्तरांनी संगणकातल्या एका ओळीत नव्वद लिहिलं. पडदा होता तिथेच राहिला, आतलं चित्र तेवढं काटकोनात फिरलं. उशीवरून बघणारीला माणसं सरळ दिसू लागली. शेजारी स्टुलावर बसणाऱ्याला आडवी.

एक खोट मात्र राहिली. चित्र फिरलं, पण बोट कुठे टेकलं हे संगणक जुन्याच हिशेबाने ओळखायचा. पडद्याला घड्याळ समजा. बटण तीनच्या जागी दिसलं, तर दाबायचं सहाच्या जागी. सहाच्या जागी दिसलं, तर नऊच्या. मास्तरांनी जागा पाठ केल्या नाहीत, नियम धरला. डोळा बटणावर, बोट पाव फेरा पुढे. उशीवरून ती तोंडातल्या तोंडात हसायची. "रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"बाबा? आहात ना?"

"आहे." मास्तरांनी नव्वद पुसलं. एक-एक आकडा. शून्य टाकला आणि संगणक बंद करून चालू केला.

पडदा काळा झाला. तो उजळायला मिनिटभरही लागत नाही, पण तेवढ्यात मास्तर चष्मा पुसून घेऊ शकले.

मग पडद्यावर फोन आला आणि आपोआप उचलला गेला. बायकोचे हात चालत नव्हते, म्हणून तशी सोय केली होती. लेक दिसली, नात दिसली, मागे जेवणाचं टेबल, त्यावर पालथ्या ताटल्या. सगळं सरळ.

"सरळ दिसतोय?" दोघींनी एकदम विचारलं.

"ओळंब्यात."

"बघा, किती सोपं होतं," लेक म्हणाली. नात मास्तरांच्या खांद्यामागे काहीतरी बघत होती.

"चला, जेवून घ्या तुम्ही," मास्तर म्हणाले. "ठेवतो."

"तुम्हीही जेवा. उभ्या-उभ्या नको, ताट वाढून घेऊन."

"हो."

लाल बटण सहाच्या जागी होतं. मास्तरांचं बोट आपसूक नऊच्या जागी गेलं, दाबून परत आलं. पडद्याला काहीच झालं नाही. पलीकडे लेकीने, बाबांनी फोन ठेवला असं धरून, टॅबलेट भिंतीला टेकवला आणि पाठ वळवली.

मास्तरांना चूक कळली. बोट पुन्हा उचललं गेलं, या वेळी बरोबर लाल बटणाच्या दिशेने.

"हात धुतलेस?" लेक विचारत होती.

"धुतले. आई..."

"काय?"

"आजोबांनी शून्य टाकला. म्हणजे आता आजीच्या उशीवरून आपण परत आडवे दिसणार."

ताटली सरळ करता करता लेकीचा हात थांबला. पडद्यात तिची पाठ दिसत होती, तोंड नाही.

"बस जेवायला," ती म्हणाली.

मास्तरांचं बोट बटणाच्या वर, हवेतच होतं. त्यांनी ते मागे घेतलं. चष्म्यासकट आडवं होता येत नाही, काडी रुतते. हे त्यांना पलंगावर अंग टाकल्यावर कळलं. त्यांनी काडी जराशी उचलून धरली आणि गाल खळग्यात ठेवला. उशीला अजून बामाचा वास होता, तो त्यांचा की तिचा, ते त्यांनी ठरवलं नाही.

पलीकडे वाढणं सुरू झालं होतं. चमचा भांड्याला लागल्याचा आवाज येत होता. लेक भिंतीवरून चालत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली. नात भिंतीवरच्या खुर्चीत पाय हलवत बसली. टेबल उभं होतं, त्यावर ताटल्या, ताटल्यांत जेवण.

काही पडत नव्हतं.