पिवळी रेषा

खालापूरच्या त्या कारखान्यात डेटा साठवायच्या टेपा बनत आणि त्यांचं चुंबकत्व माधवी मोजायची. यंत्र इतकं हळवं, की ती मंगळसूत्रसुद्धा बाहेर काढून ठेवायची.

पोशीर गावाहून कामाला येणारे हिरामणकाका लंगडत नमुने घेऊन आले, की त्यांच्या पायातल्या जुन्या लोखंडी रॉडनं आकडा उसळायचा. म्हणून तिनं जमिनीवर पिवळी रेषा मारून घेतली होती. "आमी नाय येत गं पुढं," म्हणत काका हसत रेषेमागे, दाराशी थांबायचे.

काकांना जाऊन बारा दिवस झाले होते. राख सावडताना मिळालेला रॉड त्यांच्या मुलानं अस्थींबरोबर नदीत सोडला होता.

आज भरदुपारी माधवीनं नेहमीसारखं यंत्र आधी रिकामंच चालवून पाहिलं. आकडा शून्यावर हवा होता. तो चढू लागला. एक मोठी उडी, एक छोटी. पुन्हा एक मोठी, एक छोटी.

खोलीत ती एकटीच होती. रोजच्या सवयीनं तिच्या तोंडातून निघून गेलं, "काका, रेषेच्या मागं."

आकडा तसाच लंगडत मागे गेला आणि शून्यावर थांबला.

माधवी पर्स उचलून पळायला वळली, आणि जागीच थिजली. बाहेर जायचं एकुलतं एक दार रेषेच्या मागेच होतं.