सतरा वधू

“तुमच्या बहिणीची याआधी किती लग्नं झाली आहेत?”

प्रश्न मुलाच्या मावशीचा होता, आणि आरशांनी भरलेल्या त्या लहानशा खोलीत तो सर्वांनी ऐकला. बोटांना डिंक लागलेला असल्यामुळे वधू सजवणाऱ्या भावाने फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता. खुर्चीत आजची वधू बसली होती. तिच्या उजव्या डोळ्यावर खोट्या पापण्यांची बारीक पट्टी त्याने नुकतीच बसवली होती. डिंक धरेपर्यंत तिला डोळे उघडायचे नव्हते. मागे त्याची ताई दुसरी पट्टी चिमट्यात धरून उभी होती. या कामात तिच्या हातांची मदत असे, आणि हे स्थळही तिच्यासाठीच आले होते.

“काही तरी गैरसमज...” तो पुटपुटला.

“गैरसमज कसला? सतरा फोटो आलेत माझ्याकडे. तुमच्याच दुकानातले. पाठवणाऱ्यानं नाव नाही टाकलं, पण प्रत्येक फोटोत कानाच्या पाळीवरचा तीळ गोल करून दाखवलाय. सतराही वेळा नवरी तीच! आणि खाली तुम्हीच लिहिलंय, ‘आमची आजची वधू’. एक तर मुलगी तशी, नाही तर दुकान तसं. आता तुम्हीच सांगा काय ते.”

खरे काय ते एका वाक्यात सांगता आले असते. हे काम तो शिकत होता तेव्हा त्याच्याकडे गिऱ्हाईक नव्हते, ताई होती. कामावरून दमून आलेली ताई खिडकीपाशी स्टुलावर बसे आणि तो तिच्या पापण्यांवर हात बसवी. जड पापणी हलकी कशी दाखवावी, घडीच्या किंचित वर सावली ओढून डोळा खोल कसा करावा, कोपऱ्यातली रेघ केसभर उचलून उदास नजर हसरी कशी करावी, हे सारे तो तिच्याच डोळ्यांवर शिकला. एका चेहऱ्यातून त्याने सतरा अनोळखी वधू घडवल्या आणि भिंतीवर टांगल्या. त्या इतक्या निराळ्या होत्या की खुद्द आईने एकदा विचारले होते, “ही कुणाची रे मुलगी? गोड आहे हो.” त्या दिवशी त्याला केवढा अभिमान वाटला होता. तो तीळ मात्र त्याला कधी दिसला नव्हता. त्याची नजर डोळ्यांपलीकडे कधी गेलीच नव्हती.

ते एक वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आले. मग त्याने आरशात पाहिले. खुर्चीतल्या वधूने याच भिंतीवर विश्वास ठेवून त्याची निवड केली होती. तिच्या मिटल्या पापणीखाली बुबुळ हलले. ती ऐकत होती.

“मी... तुम्हाला नंतर फोन करतो,” तो म्हणाला.

“कळलं,” मावशी म्हणाल्या. “हेच उत्तर झालं की.” आणि फोन बंद झाला.

“दादा,” वधू म्हणाली, “मी डोळे मिटलेत, कान नाही. भिंतीवरच्या या सगळ्या एकच आहेत का हो?”

उत्तर ताईने दिले.

“छे हो, सगळ्या निरनिराळ्या. हा आमच्या घरचा घोळ आहे. घरोघरी मातीच्या चुली, दुसरं काय! तुम्ही डोळे उघडू नका हं, नाही तर आमच्या कलाकाराची सकाळ वाया जाईल.”

वधू हसली. ताईने दुसरी पट्टी पुढे केली. तिचा हात नेहमीसारखाच स्थिर होता.

काम पुरे झाले, आणि सुंदर झाले. त्याची त्याला अधिकच लाज वाटली. वधू आरशात स्वतःला डोळे भरून पाहून, दोनदा आभार मानून गेली.

दार लागताच तो भिंतीपाशी गेला आणि एकेक फोटो उतरवू लागला. दुकान वाचावे म्हणून त्याने बहिणीची अब्रू पणाला लावली होती. शिवाय या स्थळाची घाई तिच्यापेक्षा त्यालाच होती. ताईचे उरकल्याशिवाय त्याचे ठरणार नव्हते, आणि तिकडे एक मुलगी दोन वर्षे वाट पाहत होती. होकार कळवला होता तोही त्यानेच. हे सारे आता त्याला उघड्यावर पडल्यासारखे स्वच्छ दिसत होते. ताईकडे वळून पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

“मी फोन लावतोय,” तो भिंतीला म्हणावे तसे म्हणाला. “सांगतो त्यांना, दुकान खोटं आहे, मुलगी नाही. बसू दे दुकान. हे स्थळ मी मोडू देणार नाही, ताई.”

पलीकडे घंटी वाजू लागली. ताईने जवळ येऊन त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि बंद केला.

“राहू दे. फोटो मीच पाठवलेत.”

“तू?” तो वळला. “अगं, मग नको होतं तर मला सांगायचंस ना!”

“सांगितलं की. त्यांना भेटायला निघण्याआधी, याच खुर्चीत बसून. तीनदा.” तिने चिमटा पुसला आणि पेटीत ठेवला. “तू म्हणालास, बोलू नकोस ताई, पापणी हलते.”