सहाही रॉड एका वजनाचे

“इंजिन त्या टेबलावर उतरवून घे,” नेलिदा म्हणाली. “आणि मी काम करत असताना इथे घुटमळायचं नाही.”

एराल्दो टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला. नेलिदाचा नवरा ओस्मार जिवंत असताना रेसच्या मैदानात या दोघांचं कधी पटलं नाही. एकमेकांच्या गाड्यांना ते खेचर म्हणायचे. ओस्मार गेल्यापासून एराल्दोने या वर्कशॉपची पायरी चढली नव्हती. आज आला तोही नेलिदानेच निरोप पाठवला म्हणून.

“तू बोलावशील असं वाटलं नव्हतं,” तो खाली बघत म्हणाला. “झालं गेलं ते...”

“तो विषय नको. हंगामाच्या शेवटच्या रेसमध्ये पाउतास्सोची गाडी मागे पडली पाहिजे. मला बाकी काही नको.”

एराल्दोने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून तिला नवल वाटलं. मग तिने ग्राइंडर चालू केला.

शेजारच्या गावच्या पाउतास्सोची गाडी त्याचा मुलगा चालवायचा. तिचं इंजिन तुलिओने बांधलं होतं. तुलिओ, नेलिदाचा धाकटा भाऊ.

दोघं बापाच्या हाताखाली एकत्रच शिकली. वजनं जुळवायची नेलिदाने, जोडणी करायची तुलिओने. ओस्मारचं इंजिनही दोघांनी मिळूनच बांधलं होतं. ओस्मार गेला त्या रविवारी सरळ रस्त्यावर, गाडी पूर्ण वेगात असताना, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या एका कनेक्टिंग रॉडचा नट सुटला. रॉड इंजिन फोडून बाहेर आला. गाडी स्वतःच्याच तेलावर घसरली, उलटली आणि पेटली.

नट आवळले होते तुलिओने.

ओस्मारला पुरलं त्या दिवशी तुलिओ दारात आला. “नेली, मला एक सांगायचंय. फक्त तुला.”

तिने त्याच्या तोंडावर दार लावलं. तो पुन्हा आला तेव्हा हातातला पाना फेकून मारला. त्याच्या भुवईवरून रक्त ओघळलं, तरी तो “ऐक तर” म्हणत होता. तिने ऐकलं नाही.

मग ती आसपासच्या एकेका वर्कशॉपमध्ये गेली. “याने आवळलेले नट सुटतात,” एवढंच सांगायची. विधवेचं म्हणणं कोण खोडणार? तुलिओला कुणी कामाला ठेवीना. कित्येक वर्षं तो गुरांचे ट्रक धुवत राहिला. आता पाउतास्सोने त्याला एका हंगामाची संधी दिली होती, आणि त्याच्या इंजिनाने अख्खा हंगाम गाजवला होता. नेलिदाला अन्न गोड लागेना.

तिने एराल्दोच्या इंजिनाचे सहाही रॉड सोडवले. प्रत्येक रॉडची दोन्ही टोकं वेगवेगळी तोलली. मोठं टोक क्रँकबरोबर फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर वरखाली होतं, त्यामुळे नुसतं एकूण वजन सारखं असून भागत नाही. सर्वांत हलका रॉड कुठला ते तिने बघितलं आणि बाकीचे घासून त्याच्या वजनावर आणले. आडवा ओरखडा राहिला तर तिथूनच तडा जातो, म्हणून प्रत्येक रॉड लांबीच्या दिशेने पॉलिश केला. मग पिस्टन घेतले.

घासायची, तोलायची, पुन्हा घासायची. काट्यावर प्रत्येक वेळी तिला तुलिओचा चेहरा दिसायचा. नवऱ्यासाठीसुद्धा तिने इतकं जीव ओतून काम केलं नव्हतं.

शेवटी सहाही रॉड एका वजनाचे झाले, सहाही पिस्टन एका वजनाचे. नट तिने स्वतः आवळले.

रेसच्या दिवशी पाउतास्सोची गाडी सुरुवातीपासून पुढे होती. लोक कुंपणावर चढून ओरडत होते. पण फेऱ्या संपत आल्या तसं एराल्दोने इंजिन ताणायला सुरुवात केली. कुठे खडखड नाही, थरथर नाही, नुसता एक लांबलचक सूर. शेवटच्या वळणावर तो पुढे निघाला आणि जिंकला.

नेलिदा तडक पाउतास्सोच्या तंबूत गेली. तुलिओ चिंध्यांना हात पुसत होता. केस पिकले होते त्याचे.

“माझा नवरा ज्याच्यामुळे मेला, त्याच्या हाती पोराची गाडी देता?” तिने सगळ्यांसमोर पाउतास्सोला विचारलं. “आज हरलात. पुढच्या खेपेला पोरगा गमवाल.”

पाउतास्सोची बायको रडू लागली. पाउतास्सोने गाडीकडे बघितलं, मग मुलाकडे. “तुलिओ,” तो म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस.”

तुलिओ बहिणीकडे बघत राहिला. “त्याचं इंजिन तू बांधलंस? एराल्दोचं?”

“हो. पोटात दुखतंय?”

तुलिओ पाने पिशवीत भरून गर्दीतून चालत एकटाच बसथांब्याकडे गेला. तो दिसेनासा होईपर्यंत नेलिदा बघत होती. कित्येक वर्षांनी तिला छातीभर श्वास घेता आला.

संध्याकाळी एराल्दोच्या अंगणात निखाऱ्यांवर बरगड्या भाजत होत्या. गिटार वाजत होती. नेलिदाने दोनदा मांस मागून घेतलं, वाईनही घेतली. एराल्दो ट्रॉफी घेऊन आला, ती तिच्या मांडीवर ठेवली आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तो चांगलाच प्यायला होता.

“नेली, मला ओस्मारला फक्त थांबवायचं होतं गं. देवाशप्पथ. त्या रेसच्या आधी तुम्ही सगळे आत जेवत होतात, इंजिन वर्कशॉपमध्ये तळ उघडा ठेवून उलटं पडलं होतं. वाटलं, एक नट सैल केला तर इंजिन खडखडेल, तो गाडी बाजूला घेईल. मागच्या दाराने निघताना तुलिओने मला बघितलं. कशाला आलो होतो ते त्याला रेसनंतरच कळलं. म्हणाला, पोलिसांकडे नंतर, आधी बहिणीला सांगतो, मग ती म्हणेल तसं.”

त्याने तिचा हात कपाळाला लावला.

“रोज पोलिसांची वाट बघितली मी. कुणीच आलं नाही. आणि तू... त्याच्याकडून सगळं ऐकूनही तू मला माफ केलंस.”