दोर धरणारा

घोडाचोरीचा आळ आलेल्या परक्या मजुराला खटल्याआधीच लटकवायला अख्खं गाव तुरुंगाकडे निघालं होतं. "एल्बर्ट, नाडी सुटली बघ बुटाची, दोर जरा धर," म्हणत दोर घेऊन पुढे चाललेला न्हावी जो खाली वाकला, तो थेट गर्दीच्या शेपटाला उगवला. एल्बर्ट आला होता तो केवळ घरी बसलो तर लोक भित्रा म्हणतील या भीतीनं. आता दोर त्याच्या हातात, म्हणून सगळे त्याच्या मागे. तुरुंग दिसताच त्याच्या पायांनी परस्पर घरची वाट धरली. दोनशे माणसं निमूट मागोमाग आली. रस्ता चुकला म्हणायची छाती कुणाची? अंगणात बायको ओल्या चादरी घेऊन उभी होती. "अहो, दोर कशाला?" एल्बर्टनं दोराचं टोक अंगणातल्या खांबाला बांधलं. "चादरी वाळत घालायला." "मी तर सकाळपासून हेच म्हणतोय," न्हावी म्हणाला. मग चादरी पिळायला दोनशे जण धावले.