सगळ्यात खोल फांदी

आईच्या मेंदूतून शेवटच्या दिवसांत उतरवून घेतलेल्या आठवणींचं झाड पडद्यावर भरताना निरंजनचा पास्कल या संगणकभाषेतला प्रोग्राम एकाच फांदीत खोल खोल शिरून पुन्हा कोसळला.

"आठवणीच धड उतरलेल्या नाहीत!" तो धाकट्या बहिणीवर, रेवतीवर खेकसला. शेवटी चिडून त्यानं स्वतःलाच बोलावत राहून मेमरी संपवणारं फंक्शन काढलं आणि साधा लूप लिहिला. या वेळी झाड पूर्ण भरलं.

त्या फांदीचं नाव होतं 'निरंजनचा फोन'. तिथे फोनची वाट पाहण्यात गेलेली आईची प्रत्येक संध्याकाळ आदल्या संध्याकाळच्या पोटात होती, आणि प्रत्येकीत तेच वाक्य होतं, "आज कामात असेल."

निरंजनचे कान तापले. घाईघाईनं त्यानं फांदी मिटायला माउस सरकवला.

"मिटू नकोस, दादा," रेवती म्हणाली. "तळापर्यंत वाच."