पाठीवरचा आवाज

त्रान्सितोच्या लेकीला, सिसाला, मुलगी झाली, तामिया, ते साल. आंदीजच्या धुकट रानातली, पिल्लं पाठीवर वागवणारी बेडकी तेव्हा कुणाला दिसतही नव्हती. पूर्वी तिचं ‘टॉक’ ऐकलं, की बाळ पाठीशी बांधलेली आई जीभ वाजवून उत्तर द्यायची. नाहीतर बेडकी बाळाला आपलं म्हणून नेते, असं म्हणत.

मक्याच्या पेरणीच्या पहिल्या दिवशी ‘टॉक’ झालं.

“सिसा, जीभ वाजव,” त्रान्सितो म्हणाली.

“बेडक्या कधीच संपल्या, आई. तुझेच गुडघे वाजले असतील,” सिसा हसली.

पुन्हा ‘टॉक’ झालं, या खेपेला सिसाच्या पाठीवर तामियाला बांधलेल्या शालीतून.

सिसाने जीभ वाजवायला तोंड उघडलं. ते कोरडं पडलं होतं, आवाज निघेना.

तामिया त्या दुपारी आईच्या पाठीवरच वारली.