‘या’ म्हणायचं राहिलं
वडीगोद्रीच्या अलीकडं आमची जीप पंक्चर झाली आणि स्टेपनीही बसलेलीच निघाली. ड्रायव्हर जीप सोडून जाईना, म्हणून आमचे हे स्वतःच चाक घेऊन एका ट्रकमध्ये चढायला निघाले. “येतो गं,” म्हणाले. मी बाभळीखाली बसून, भाच्यासाठी जालन्याहून घेतलेला व्हिडिओ गेम खेळत होते. गेममधल्या विटा पार वरपर्यंत चढल्या होत्या. मान वर न करताच मी म्हणाले, “जा.” ते क्षणभर थांबले, मग ट्रक निघून गेला. बाहेर जाणाऱ्या माणसाला आमच्यात कुणी ‘जा’ म्हणत नाही, ‘या’ म्हणतात. अर्ध्या तासाचं काम होतं, दोन तास झाले. मग एक मोटारसायकलवाला थांबून ड्रायव्हरला सांगून गेला, “पुढच्या वळणावर ट्रक उलटला. लोक म्हणून राह्यले, माणसं दबली.” कोणता ट्रक, ते त्याला माहीत नव्हतं. मी खेळतच राहिले, कारण थांबले की माझाच शब्द मला ऐकू यायचा. विटा भरायच्या, गेम संपायचा, मी पुन्हा सुरू करायचे. घामानं बटणावरचा अंगठा घसरत होता. ऊन कललं तेव्हा शेतातून एक बैलगाडी आली. तिच्यात चाक होतं, आणि चाकाला धरून बसलेले हे. “रस्ता बंद होता, वावरातून आलो,” म्हणाले. “पुन्हा एकदा ‘येतो’ म्हना,” मी म्हणाले. “आत्ता तर आलो न मी.” “म्हना की.” ते मघासारखेच क्षणभर थांबले. “येतो.” “या,” मी म्हणाले, आणि मगच गेम बंद केला.